चौथं चक्र

पाटीवर दोनच ओळी होत्या, आणि त्यातली दुसरी खोटी होती.

पाटी अजून पुठ्ठ्याची होती. भाच्याची सही झाली की दुपारी ती पितळेवर कोरायला जायची होती, आणि उद्या सकाळी संग्रहालयाच्या मोठ्या दालनात मोटरसायकलीशेजारी कायमची बसायची होती. वरच्या ओळीत लिहिलं होतं, 'जुन्या भागांतून हाताने बांधलेली मोटरसायकल'. खालच्या ओळीत 'बांधणी' आणि पुढे आत्याच्या थोरल्या भावाचं नाव.

आत्याने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दोष चष्म्याचा नव्हता.

ती आत्या या एकाच भाच्याची, पण तिला सगळेच आत्या म्हणत. वय बहात्तर. पंपाच्या कारखान्यात इंजिनं जुळवण्यात तिची तीस वर्षं गेली, आणि निवृत्त होऊन इतका काळ लोटला तरी बोटांच्या पेरांतला काळा रंग काही गेला नव्हता. ही मोटरसायकल तिने सत्ताविसाव्या वर्षी बांधायला घेतली, भावाच्या सायकल दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. रोज कामावरून सुटली की तिथे, अशी दोन वर्षं. दुकान दादाचं, शेड दादाचं, म्हणून कागदही दादाच्या नावावर झाले. कचेरीतल्या कारकुनाने 'बाईच्या नावावर कशाला?' म्हणून विचारलं होतं. तेव्हा तिला भांडायला सवड नव्हती, मागचं चाक बसवायचं राहिलं होतं. मग लोक म्हणायला लागले, सायकलवाल्या मिस्त्रीने काय गाडी बांधलीय. दादा खोटं कधीच बोलला नाही. फक्त लोक बोलत तेव्हा तो मूग गिळून गप्प बसे. चाळीस वर्षं इतके मूग गिळले की माणसाचं पोटही भरत असावं.

तो गेल्या वर्षी गेला. भाच्याने गाडी संग्रहालयाला दिली आणि घरातलं वडीलधारं माणूस म्हणून आत्याला आज बोलावलं.

"हे नाव बदल," आत्या म्हणाली.

भाचा शाळेत भूगोल शिकवायचा, भांडण त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. "आत्या, तू मदत केली होतीस, माहितीये मला. बाबा सांगायचे की, ती माझ्याबरोबर असायची म्हणून."

"मी त्याच्याबरोबर नव्हते. तो माझ्याबरोबर होता. तोही कधीमधी, गिऱ्हाईक नसलं की."

"मग बाबा होते तेव्हा का नाही बोललीस? आता ते गेल्यावर कशाला हे?"

"तो होता तेव्हा त्याचा पडलेला चेहरा मला बघवला नसता," आत्या म्हणाली. "आता त्याला त्रास होणार नाही, आणि मला फार वेळ नाही. म्हणून आता."

भाच्याने सहीचं पेन खिशात ठेवलं, पण पाटी हातातून सोडली नाही. बापाचं नाव होतं तिच्यावर, कशी सोडणार? आत्याला ते कळलं आणि तिचा राग आणखीच वाढला, कारण पोराची चूक नव्हती.

दालनात आणखी दोन माणसं होती. एक संग्रहालयाच्या संचालिका, सगळं मोजूनमापून बोलणाऱ्या. दुसरे जाणकार. जुन्या मोटरसायकलींचे ते जाणकार म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलेलं, हातांत पांढरे हातमोजे, काखेत कंपनीचं जाडजूड माहितीपुस्तक. गाडी नीट करायचं काम त्यांच्याकडे होतं. उद्या पाहुण्यांसमोर ती सुरू करून दाखवायची होती, आणि तीन दिवस किक मारमारून जाणकारांच्या पोटरीला सूज आली होती. इंजिन मात्र ढिम्म.

"इंजिनच संपलंय," जाणकार म्हणाले. "मुळात बांधणीच अडाणी. कुठल्याही भागाचा कुठल्याही भागाशी मेळ नाही."

नाचता येईना, अंगण वाकडं. आत्या त्यांच्याकडे वळली. "मी बघू?"

"आजी, हे जुनं यंत्र आहे. सांभाळून..."

"मला नातवंडं नाहीत. आत्या म्हणा." मग ती संचालिकांकडे वळली. "बाई, पाटीवर काय लिहायचं ते कोण ठरवतं?"

"कुटुंब लिहून देतं. पण पुरावा असेल तर बरं," संचालिका म्हणाल्या.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? यांनी केलेली भागांची यादी घ्या. मी गाडीकडे पाठ करते. तुम्ही विचारा."

ती खरंच पाठ करून उभी राहिली. संचालिकांनी यादी उघडली आणि पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारा फोर्क कुठला ते विचारलं.

"लष्करातल्या टपालगाडीचा. डावीकडचा पाय वाकलेला होता, तो मी गरम करून सरळ केलाय. आतून हात फिरवा, हातोड्याचे तीन ठोके लागतील."

जाणकारांनी हातमोजा काढून हात फिरवला. ठोके तीनच होते. यादीत मात्र 'मूळ, निर्दोष' असं लिहिलेलं होतं.

"गिअरबॉक्स?"

"दुसऱ्याच कंपनीचा. बसत नव्हता म्हणून खाली पंपाच्या पायाची पट्टी कापून घातली. पेट्रोलची टाकी दोन टाक्यांची जोडलेली, जोड खालून दिसतो. गोधडीच आहे ती, पण टाके माझे आहेत."

भाचा टाकीखाली वाकून बघत होता. लहानपणी त्याच टाकीवर बसून तो दुकानापासून घरापर्यंत यायचा, आणि त्या जोडाकडे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"पाठांतर कुणीही करेल," जाणकार म्हणाले. "शेडमध्ये बसून बघितलं असेल. गाडी चालू होण्याशी त्याचा काय संबंध?"

आत्या वळली, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली बसली आणि इंजिनाच्या बाजूला असलेल्या मॅग्नेटोकडे तिचं लक्ष गेलं. मॅग्नेटो म्हणजे ठिणगी पाडणारा डबा. तो जागेवरून दोन बोटं मागे सरकलेला होता.

"ही बैठक कुणी हलवली?"

"मी," जाणकार अभिमानाने म्हणाले. "पुस्तकात इंजिनापासून मॅग्नेटोपर्यंत तीन दातेरी चक्रं आहेत. इथे चार होती. कुणा अडाण्याने एक जादा कोंबलं होतं. मी ते काढलं आणि मॅग्नेटो मूळ भोकांवर बसवला. अगदी पुस्तकाबरहुकूम."

आत्याला हसू आलं आणि चीडही आली. "हा मॅग्नेटो या इंजिनाचा नाही. पंपाचा आहे. दिसायला सख्खे जुळे, पण हा उलटा फिरतो. तीन चक्रांनी तो सुलटा फिरणार, चौथं मध्ये घातलं की उलटा. पुस्तकात नाही, कारण पुस्तकवाल्यांनी ही गाडी बांधली नाही."

"कुठल्याही बाजूने फिरवा, ठिणगी ती ठिणगीच."

आत्याने मॅग्नेटोचे बोल्ट सोडून तो बाहेर काढला आणि मांडीवर घेतला. "मग ही तार धरा. एक हात डब्याला लावा. पुस्तक म्हणतं तसा फिरवते. झटका बसेल, आधीच सांगते."

जाणकारांनी तार धरली. आत्याने दांडा झटकन सुलटा फिरवला. जाणकार हसले. "मुंगी चावल्यासारखं झालं. बस."

"आता उलटा फिरवते. सोडायची असेल तर सोडा."

"फिरवा हो."

तिने फिरवला. जाणकार जागच्या जागी टुणकन उडाले आणि बगलेतलं पुस्तक जमिनीवर आपटलं. संचालिकांनी तोंडावर रुमाल धरला. भाचा मात्र हसला नाही. तो आत्याच्या हातांकडे बघत होता.

"माझं चक्र कुठाय?" आत्याने विचारलं.

जाणकारांनी दंड चोळत कोपऱ्यातली पेटी दाखवली. तिच्यावर चिठ्ठी होती, 'अनावश्यक भाग'. आत्याने ती चिठ्ठी वाचली. मग म्हणाली, "बाई, तुम्हीच काढा. बावीस दात मोजा. मी ते कानशीने घासून केलंय. एक दात इतरांपेक्षा किंचित आखूड आहे. कानस घसरली आणि माझ्या अंगठ्यातही गेली होती."

संचालिकांनी खिडकीच्या उजेडात दात मोजले, मग पुन्हा मोजले. बावीस. एक आखूड.

पुढचा तासभर आत्याच्या मध्ये कुणी बोललं नाही. तिने बैठक पुढच्या भोकांवर आणली, चौथं चक्र घातलं, पिस्टन वर आणून ठिणगीची वेळ जुळवली. बोल्ट आवळताना मनगट दुखलं तेव्हा तिने पाना भाच्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "पाव फेरा. जास्त नको. ताकद दाखवायची नाही, ऐकायचं." त्याने पाव फेरा दिला. जाणकार एव्हाना पुस्तक उचलून मांडीवर घेऊन बसले होते, पण उघडत नव्हते.

मग ती गाडीवर बसली. गुडघा कुरकुरला.

"मी मारतो किक," भाचा म्हणाला.

"तुला लाथ मारायची सवय नाही. मला या गाडीनेच लावली," आत्या म्हणाली. तिने किक हलकेच दाबत दाबत अडेल तिथे आणली, आणि मग पायाने नाही, सगळ्या अंगाचा भार टाकून खाली दाबली. इंजिन खोकलं. दुसऱ्या किकला ते बोलायला लागलं.

आवाजाने दालनाच्या काचा थरथरल्या. आत्याचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत. त्रेचाळीस वर्षांपूर्वी हा आवाज पहिल्यांदा आला तेव्हा शेजारी टाळ्या वाजवत धावत आले होते, आणि सगळ्यांनी हात दादाचा हातात घेतला होता.

"छान," संचालिका आवाज चढवून म्हणाल्या. "मग आपण असं लिहू, 'बांधणी: बहीण-भाऊ'. दोघांचाही मान राहील. आता बंद करा ताई, धूर होतोय."

भाच्याचा चेहरा उजळला. त्याला ते फार बरं वाटलं. आत्यालाही क्षणभर वाटलं, हो म्हणून टाकावं. घरात शांतता राहील, पोर सुखाने झोपेल. अशीच हो म्हणता म्हणता तिची सगळी उमर गेली होती.

"नाही," ती म्हणाली. "आधी लिहा, मग बंद करते."

"ताई, भिंतीवरची चित्रं काळी पडतील..."

आत्याने हँडलची मूठ पिळली. इंजिन गरजलं आणि निळा धूर छताकडे चढला. जाणकार खोकत दाराकडे निघाले. संचालिकांनी भाच्याकडे पाहिलं. कुटुंबाने लिहून द्यायचं होतं, आणि सहीपुरतं कुटुंब म्हणजे तो एकटा होता.

भाच्याने पेन काढलं. बापाच्या नावावर टोक टेकवून तो बराच वेळ थांबला. आत्या घाई करत नव्हती, मूठही सैल करत नव्हती. शेवटी त्याने एक सरळ रेघ ओढली आणि वर आत्याचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. मग पाटी तिच्यासमोर धरली.

आत्याने वाचलं. एकदा, मग परत एकदा.

"आणि बाबा?" भाच्याने विचारलं. आवाज लहान मुलाचा होता. "त्यांचं काहीच नाही?"

"नाही कसं? खाली लिही," आत्या म्हणाली. तिने त्याचं बोट धरून टाकीच्या खालच्या कडेवर नेलं. तिथे रंगाचा एक ओघळ थेंब होऊन सुकलेला होता. "लागला? ब्रश कधी हातात धरला नव्हता त्याने. मी नको म्हणत होते, तरी हट्टाने रंगवली. लिही, 'रंग: दादा'. तो मात्र सगळा त्याचा आहे, त्यात मी बोट लावलेलं नाही."

भाच्याने लिहिलं. मग आत्याने इंजिन बंद केलं.