डास चावलाय, आत्या

इराच्या पोटावर आणि दंडावर पाण्याने भरलेले दोन-चार फोड दिसले, तेव्हा मितालीला काही कळलं नव्हतं, असं कुणी म्हणू नये. चांगलं कळलं होतं. आदल्या संध्याकाळपासून पोरीच्या अंगात कणकण होती. पण त्याच दिवशी नणंदेचं, म्हणजे कादंबरीचं, डोहाळजेवण होतं. विचुंब्यातल्या त्यांच्याच सोसायटीचा हॉल घेतला होता, फुलांचे दागिने आले होते. आणि या घरची पद्धत अशी, की पेढा-बर्फीच्या झाकलेल्या वाट्यांपैकी एक वाटी घरातल्या लहान मुलीने आत्याच्या मांडीवर बसून उघडायची. घरात लहान मुलगी एकच, इरा.

"घामोळं असेल," असं स्वतःलाच बजावत मितालीने तिला तापाचं औषध पाजलं, लांब बाह्यांचा ड्रेस चढवला आणि पढवलं, "कुणी विचारलं तर डास चावला म्हणून सांगायचं हं."

वाटीत पेढा निघाला. इरा आत्याच्या गळ्यात पडली. फोटो झकास आले.

दुसऱ्या दिवशी पोरीचं अंग फोडांनी भरून गेलं.

"कांजिण्या," डॉक्टर म्हणाले. "लस दिली होती?"

दिली नव्हती. आम्हाला नाही का झाल्या लहानपणी, काय बिघडलं, असं म्हणत मितालीने ती दरवेळी पुढे ढकलली होती.

"नखं कापा, खाजवू देऊ नका. सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत शाळा बंद. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण होते, बरं का. मोठ्या माणसांना हे दुखणं जड जातं. घरात कुणी गरोदर आहे? असेल तर तिचं रक्त तपासून वेळेत इंजेक्शन द्यावं लागू शकतं."

"नाही," मिताली म्हणाली. घरात नव्हतीच, कादंबरी कामोठ्याला, सासरी होती. इतकं सफाईदार खोटं आपल्याला जमतं, हे कळून तिची तिलाच किळस आली.

घरी सासूबाई, कुमुदताई, वाटच बघत होत्या. "कांजिण्याच ना? नशीब, कार्यक्रम झाल्यावर आल्या," त्या म्हणाल्या.

मितालीने एका आशेवर विचारलं, "आई, कादंबरीला लहानपणी झाल्या होत्या ना?"

"छे गं! तुझ्या नवऱ्याला झाल्या, तेव्हा मी तिला नेऱ्याला माझ्या भावाकडे नेऊन ठेवलं. रोज रडायची पोर, माझाही जीव टांगणीला. पण तिला वाचवलं मी." कुमुदताईंच्या आवाजात अजूनही त्याचा अभिमान होता. मग त्या एकदम थबकल्या. "का गं?"

मितालीला त्यांच्याकडे बघवेना. आईने एवढी जपलेली लेक आपण हॉलसाठी आणि फोटोंसाठी संकटात लोटली. सांगावं, तर घरात तोंड दाखवायला जागा नाही. न सांगावं, तर ती आणि तिच्या पोटातलं बाळ...

तेवढ्यात फोन वाजला. कादंबरीचा व्हिडिओ कॉल. इराने सवयीने झडप घालून तो घेतला.

"अगं बाळा, तोंडावर काय झालं तुझ्या?"

इराने झटकन बाह्या मनगटापर्यंत ओढल्या. "डास चावलाय, आत्या," ती म्हणाली, आणि बरोबर सांगितलं ना, अशा नजरेने आईकडे पाहू लागली.

मितालीने तिच्या हातातून फोन घेतला.

"कादंबरी, डास नाही. कांजिण्या आहेत. तू आत्ताच तुझ्या डॉक्टरकडे जा. इराला मांडीवर घेतलं होतं, मला कधी झाल्या नाहीत, असं स्पष्ट सांग. रक्त तपासतील, गरज पडली तर इंजेक्शन देतील. उद्यावर टाकू नकोस, मी येते तुझ्याबरोबर."

कादंबरीचा हात नकळत पोटावर गेला. "वहिनी, कार्यक्रमाच्या आधी माहीत होतं तुम्हाला?"

सासूबाई मागे उभ्या होत्या.

"हो," मिताली म्हणाली.

"मग तुम्ही येऊ नका," कादंबरी म्हणाली. "आईला पाठवा."

कुमुदताई चपला घालून निघाल्या. दार लागल्यावर इराने हळूच विचारलं, "आई, मी चुकीचं सांगितलं का?"