राजाची छत्री, श्रीपतची छत्री

मी एक जुनी, काळी, लांब दांड्याची छत्री आहे आणि मित्रांनो, मी वाळवंट पाहून आले आहे. जिथे वर्षातून जेमतेम चार दिवस पाऊस पडतो, तिथे मला कोणी का नेले असेल, असे तुम्हांला वाटेल. सांगते.

माझा जन्म वालीवच्या एका लहानशा कारखान्यात झाला. वसईच्या खाडीकाठी भातशेती करणाऱ्या श्रीपतने मला विकत घेतले आणि माझ्या कापडावर पांढऱ्या रंगाने आपले नाव लिहून घेतले. पुढची अकरा वर्षे मी त्याच्या डोक्यावर होते. पाऊस असो वा ऊन, शेताच्या बांधावरून तो मला उघडूनच चाले. "हिची सावली थंड हाय," असे तो ज्याला त्याला सांगे. तेव्हा माझ्या काड्या ताठ होत.

श्रीपत गेला. त्याची बायको जिजा बोळिंजला मुलाकडे, अल्पेशकडे, राहायला आली आणि मीही आले. तिने मला पुसले, प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि दारामागच्या खिळ्याला टांगले. सहा वर्षे मला कोणी उघडले नाही. ती रोज माझ्यावरची धूळ झटके. मित्रांनो, इतक्या प्रेमाने कोणी आपल्याला मिटून ठेवले, तर तक्रार तरी कोणाजवळ करावी?

मग एका जानेवारीत अल्पेशने जैसलमेरचा बेत आखला. कागदावरून तो वाचू लागला, "पहिल्या दिवशी किल्ला. दुसऱ्या दिवशी हवेल्या, मंदिरं. तिसऱ्या दिवशी बडा बाग, तिथल्या छत्र्या."

"छत्र्या?" जिजाने विचारले. "बघायला जायच्या?"

"हो. राजांच्या आहेत."

जिजा उठली आणि तिने मला खिळ्यावरून काढले. "तिथं छत्र्याच बघायच्या हायत, तर यांचीपन येऊ दे."

अल्पेश काही बोलणार होता. त्याची बायको रचना हिने त्याला डोळ्यांनीच गप्प केले.

असे माझे नशीब उघडले. मी मात्र मिटलेलीच होते. पिशवीतून मी पिवळ्या दगडाचा तो किल्ला पाहिला. सकाळच्या उन्हात तो नुकत्याच भाजलेल्या भाकरीसारखा दिसत होता. आत माणसे राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळतात, हे पाहून जिजाला फार बरे वाटले. "आपल्या वसईच्या किल्ल्यात लोक नुसते लग्नाचे फोटो काढतात," ती म्हणाली. जैन मंदिरांतले खांब तिने हाताने चाचपून पाहिले. हवेलीच्या दगडी जाळीपुढे ती इतका वेळ उभी राहिली, की अल्पेश दोन वेळा चहा पिऊन आला.

तिसऱ्या दिवशी आम्ही बडा बागेत गेलो. उघड्या माळावर खांबांवर उभे असलेले दगडी घुमट ओळीने दिसत होते. राजा गेला, की त्याच्या आठवणीसाठी असा घुमट बांधत. त्यालाच तिथे छतरी म्हणतात. हे कळल्यावर जिजा तोंडाला पदर लावून हसली. "मना वाटलं, राजाच्या पावसाळ्यातल्या छत्र्या ठेवल्या असतील." मग माझ्यावर लिहिलेल्या नावावरून तिने पिशवीवरूनच बोट फिरवले.

पाणी पिण्यासाठी तिने मला एका खांबाला टेकवले आणि तिथेच विसरून गेली.

पुढचे मला रचनाने नंतर हसत हसत सांगितलेल्या गोष्टीतून कळले. संध्याकाळी त्यांची परतीची रेल्वेगाडी होती. अल्पेश आणि रचना हॉटेलातून सामान आणायला गेले. बाहेर भाड्याच्या जीपमध्ये जिजा आणि ड्रायव्हर दोघेच होते, तेव्हा तिला माझी आठवण झाली.

"अरे दादा, माजी छत्री ऱ्हायली तिकडं."

"हाँ माँसा, छतरी तो वहीं रहेगी."

"न्हाय रे. परत आनायची हाय."

"वो राजाजी की है, माँसा. उठेगी नहीं."

"राजाची कशी? माज्या घरवाल्याची हाय. नाव हाय त्याचं तिच्यावर."

ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याने तिला हात जोडले. सामान घेऊन आलेल्या रचनाला उलगडा करून सांगण्याआधी बॅगेवर बसून हसावे लागले. हसली नाही ती जिजा. "गाडी गेली तर जाऊ दे," ती म्हणाली. "मी तिला टाकून येनार न्हाय."

इकडे माझ्यावर वेगळाच प्रसंग आला होता. एका छतरीच्या तुटलेल्या चौथऱ्याची दुरुस्ती करणारा म्हातारा कारागीर माझ्यापाशी आला. त्याने पिशवी काढली आणि मला उघडले. सहा वर्षांनी माझ्या काड्या करकरल्या. मला वाटले, तो डोक्यावर धरील. पण त्याने मला ओल्या चुन्याच्या सांध्यावर धरले, दांडा दोन दगडांमध्ये रोवला आणि स्वतः उन्हात बसून काम करू लागला. मित्रांनो, राजाच्या छतरीला मी सावली देत होते.

जीप धुरळा उडवत आली. अल्पेश धावत पुढे झाला. "भैया, ये हमारी है." त्याने माझा दांडा धरला. मला भीती वाटली, ती चोरीची नव्हती, मिटण्याची होती.

"मिटू नको," जिजा मागून म्हणाली. "चुना वला हाय. ऊन लागलं तर तडकंल."

"आई, गाडी आहे." कारागीर तोवर बारदान भिजवायला उठला होता.

"तो बारदान भिजवून आनतोय ना. तवर थांब."

ती चौथऱ्यावर बसली आणि तिने मला दोन्ही हातांनी धरून ठेवले. कारागिराने ओले बारदान सांध्यावर पसरले, हात पुसले आणि माझ्याकडे पाहिले. "छाँव ठंडी है इसकी, माँसा."

जिजाने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "व्हय. हे पन असंच म्हनायचे."

रचनाने पिशवी पुढे केली. जिजाने ती घेतली आणि कारागिराला देऊन टाकली. मग माझ्या सावलीत चालत ती जीपपर्यंत गेली. तिच्या खांद्यापेक्षा मी थोडी मोठी आहे. एका माणसाची जागा उरते. ती त्या जागेकडे पाहत नव्हती, पण त्या जागेवरची सावली ढळेल असे मला कलू देत नव्हती.

गाडी मिळाली, दोन मिनिटे राखून.

आता ती मला रोज बोळिंजच्या भाजीबाजारात नेते. कापड विटत चालले आहे; परवा एक शिवण उसवली, ती तिने स्वतः घातली. मी फार दिवस टिकणार नाही, हे आम्हां दोघींनाही ठाऊक आहे. मित्रांनो, गेलेल्या माणसाची एखादी वस्तू तुमच्या घरी जपून ठेवलेली असेल, तर तिची धूळ जरूर झटका. पण मग तिला हातात घ्या आणि घेऊन बाहेर पडा. बाहेर ऊन आहे.