गाळलेले तीन नियम

तपासणीचा अहवाल सगळा हिरवा आला, तेव्हा विनिताला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण मांजराने दुधाला तोंड लावलं नाही की आपल्याला आधी काय वाटतं? ते शहाणं झालं असं नाही. शेजारी जेवून आलं असं. विनिताचं तसंच झालं.

डिचोलीच्या बाजारात, पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. खनिज वाहणाऱ्या ट्रकमालकांच्या एका संघटनेचं काम त्यांच्याकडे होतं. येत्या हंगामासाठी कोणी आधी नोंदणी केली, कोणाचा ट्रक रांगेत कितवा, ही सगळी माहिती कंटेनरांत चालायची. कंटेनर म्हणजे फडताळात मांडलेले झाकणबंद डबेच म्हणा, एकातलं तेल दुसऱ्यात सांडू नये म्हणून. त्या फडताळाची कुलपं जागच्या जागी आहेत का, हे एक तपासणी रोज आपोआप बघून जाई, आणि उघडं दिसलं तर लावूनही जाई. तिची नियमावली बाहेरून तयार यायची, रेडीमेड ब्लाउजासारखी, कुठे आवळणारी तर कुठे ढगळ. ती आपल्या मापाची करून घेणं हे विनिताचं काम. न लागणारा नियम गाळायचा, पण का गाळला ते तिथेच लिहायचं. संघटनेला जाणाऱ्या अहवालावर सहीही तिचीच.

आणि तिने न गाळलेले तीन नियम गळलेले होते.

तिन्ही एकाच गोत्राचे. आत कोण आलं, कधी आलं, कशाला हात लावला, याची नोंद, म्हणजे लॉग, ठेवा असं सांगणारे. नियमच नाही तर तपासणी काय विचारणार? कारणाच्या जागी दोनच शब्द होते, ‘गरज नाही’. बदल गणेशचवथीच्या दिवशीचा, आणि लॉगिन गौरेशचं.

गौरेश पार्से गावचा, विनिताच्या माहेरचा. ऑफिसात तिला मॅडम म्हणायचा आणि जिना उतरला की आते. त्याला नोकरीला घ्या म्हणून शब्द तिनेच टाकला होता. चवथीला ऑफिसात कोणीतरी बसावं लागतं आणि गणपती सोडून कोण बसणार, म्हणून मालक रुद्रेशबाब चिठ्ठ्या टाकायचे. एकदा ठरली की पाळी बदलायची नाही. फक्त ज्याच्या घरी सुतक, तो बसणार. त्याच्या घरी गणपतीच नाही, मग बोलणंच खुंटलं. यंदा चिठ्ठी ऑफिसातल्या अनंतची निघाली होती, पण गौरेशने सुतक सांगितलं आणि तो बसला.

रविवारी विनिता माहेरी गेली, तेव्हा वाटेत गौरेशची आई भेटली. विनिताने तोंड बारीक केलं.

“शेवंतीवैनी, कळलं गो. चवथीच्या तोंडावरच असं व्हावं...”

“काय झालं गो?”

“नाही म्हणजे... कोण गेलं तुमच्यातलं?”

“आमच्यातलं?” शेवंतीने हातातली पिशवी खाली ठेवली. “आमच्यात कोणी मरूक नाय! जिवंत माणसांक कित्याक मारतं गो? पाच दिवस गणपती होता घरात. चवथीला एक माझा झीलच नव्हता. तुमच्या ऑफिसान सोडलं नाय म्हणे त्याला. सणासुदीलासुद्धा!”

विनिताने हसून काहीतरी सारवासारव केली आणि घरची वाट धरली. इथली माणसं खोटं बोलतात, देवाशपथ बोलतात. पण चवथीला घरात गणपती बसलेला असताना कोणी सुतक सांगत नाही. त्यासाठी फार मोठी गरज लागते.

सोमवारी ती गौरेशकडे बघत राहिली. फोन आला की तो गॅलरीत जाई. आधीही जायचा का? आठवेना. त्याच्या मामाचे सुर्ल्याला दोन ट्रक आहेत, हे मात्र पक्कं आठवलं. तिने रांग उघडून पाहिली. मामाचे ट्रक कुठेतरी शेपटाकडे होते. क्षणभर हलकं वाटलं, आणि लगेच दुसरा विचार आला की हुशार चोर आपल्या मामाला पहिला नंबर कशाला देईल? तो दुसऱ्याच कोणाला देईल आणि त्याच्याकडून घेईल. संशयाचं असंच असतं. त्याला भात घाला की पेज, तो जाडच होतो.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिने त्याला समोर बसवलं.

“तुझ्या घरी कोण वारलं रे?”

गौरेशचा चेहरा उतरला. “आवय भेटली तुम्हांला?”

“मी विचारते त्याचं सांग.”

“कोणी नाही. अनंतचा बाबा अंथरुणाला आहे, सावंतवाडीक. पुढची चवथ बघेल असं डॉक्टरसुद्धा म्हणत नाही. आणि चिठ्ठी नेमकी अनंतची. मग मी सुतक सांगितलं.”

“आणि नियम? ते कोणाच्या सुतकात गेले?”

“त्या दिवशी नोंदणी एवढी आली की लॉगनीच डिस्क भरली. सगळं ठप्प झालं. मालक आरतीत, तुम्ही फोन उचलीनात. मी लॉग बंद केले. पण तपासणी आली की ते परत चालू करून जायची, म्हणून तीन नियम काढले. दुसऱ्या दिवशी घालणार होतो, मॅडम.”

“मग?”

“घातले असते तर नोंदींतली मधली पोकळी दिसली असती. मग तिथे कोण बसला होता, का बसला होता, सगळंच निघालं असतं. अनंतचं नाव आलं असतं.”

विनिताने गॅलरीत जाऊन अनंतला फोन लावला. आपण असं करतोय याची तिला लाज वाटली, तरी लावला.

“बाबा कसे आहेत रे?” तिने विचारलं.

“आहेत, मॅडम. चवथीला मात्र त्यांना उशी लावून बसवलं. अख्खी आरती म्हटली. मधली कडवी गाळली, पण टाळ्या बरोबर.” तो थोडा थांबला. “मॅडम, गौरेशला काही बोलू नका. मीच त्याला थांबवायला हवं होतं.”

ती आत आली.

“तू खरं बोलतोस असं मला वाटतं,” ती म्हणाली. “पण त्या काळात आत दुसरं कोणी आलं नाही, हे तुला माहीत आहे?”

“नाही आलं.”

“कशावरून?”

ते सांगू शकतील असे लॉग गौरेशनेच बंद केले होते.

विनिताने तिन्ही नियम परत घातले, लॉग चालू केले, तपासणी सोडली. या खेपेला तपासणीने मधल्या दिवसांच्या नोंदी मागितल्या. अहवाल तांबडा आला.

तेवढ्यात रुद्रेशबाब जेवून आले. तिने सगळं सांगितलं, सुतकासकट. त्यांनी कपाळाला हात लावला.

“गे विनिता, तांबडा कागद घेऊन कोण गिऱ्हाइकाकडे जातं? कालचा हिरवा आहे न्हय, तोच धाड. काम गेलं तर पगार काय गणपती देणार?”

“हिरव्यावर सही हवी तर तुम्ही करा. माझी तांबड्यावरच होईल.”

“त्यांनी विचारलं, यादी कोणी फिरवली का, तर?”

“कळायला मार्ग नाही म्हणून सांगायचं. नोंदणीच्या पावत्या ट्रकमालकांकडे आहेत. रांगेशी ताडून बघा म्हणावं. आपण मदत करू.”

रुद्रेशबाब पुटपुटले, “मी काय पेन धरून थोडीच ठेवलंय तुझं,” आणि आपल्या केबिनमध्ये गेले. दार त्यांनी आपटलं नाही. विनिताने तेवढ्यालाच होकार मानलं.

आता अहवालात खुलासा लिहायचा होता. गौरेश तिच्या कीबोर्डकडे हात नेत म्हणाला, “मी सांगतो, तुम्ही लिहा. नाहीतर मीच लिहू इथे?”

“इथे नाही. तुझ्या जागेवर बस आणि तुझ्या लॉगिनने लिही. काय केलंस आणि का केलंस, सगळं. अनंतच्या बाबाचं लिहायची गरज नाही.”

तो उठून आपल्या टेबलाशी गेला. विनिता त्याच्याकडे बघत होती, तिच्या ते ध्यानात आलं, आणि तिने मुद्दाम खुर्ची खिडकीकडे फिरवली. खाली बाजारात कोणीतरी कोणाला सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, भावावरून शिव्या घालत होतं. पाठीमागे टायपिंगचा आवाज सुरू झाला, थांबला, परत सुरू झाला.

“झालं, आते,” गौरेश म्हणाला. ऑफिसात पहिल्यांदाच.

तिने वाचलं. खाली त्याचं पूर्ण नाव होतं. त्याच्याखाली तिने आपली सही घातली, अहवाल पाठवला आणि चहाला उठली. उठता उठता सवयीने हात स्क्रीन लॉक करायला गेला. मागे गौरेश उभा होता. तिचा हात जरासा अडखळला, आणि मग तिने स्क्रीन लॉक केली.

“चल,” ती म्हणाली. “चहा घेऊ.”