बागेतल्या बांबूची दुरुस्ती

सत्त्याहत्तर दिवस धड झोप न लागलेल्या माणसाला जग कसं दिसतं, ते मला विचारा. सगळं काचेपलीकडे असल्यासारखं दिसतं. माणसांचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून रमतगमत येतात. त्या दिवसांत मी आमच्या गल्लीतल्या दिव्याच्या खांबाला "काय, बरं आहे ना?" असं विचारलं होतं. खांबाने मान डोलावली. एकदा चहात मीठ घालून दोन कप प्यायलो आणि वर तिसरा मागितला. आमची ही कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, आता खारे शेंगदाणे देऊ का त्यात बुडवायला?"

मी घड्याळजी. म्हणजे होतो. चाळीस वर्षं पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या खोलीत आम्ही. मधली भिंत पातळ, तिच्यातून एकशे साठ घड्याळांची टिकटिक यायची आणि मी लाकडाच्या ओंडक्यासारखा झोपायचो. मग हात थरथरायला लागला. बारीक स्क्रू चिमट्यातून उडून गिऱ्हाइकाच्या खिशात जायला लागले, तेव्हा दुकान बंद केलं. भाच्याने तिथे मोबाइलची कव्हरं मांडली. कव्हरं तशी गुणाची असतात, पण टिकटिक करत नाहीत. पहिल्याच रात्री मी उठून बसलो.

"काय झालं?" ही म्हणाली.

"काही नाही."

"मग झोपा की."

"अगं, काहीच नाही ना, म्हणूनच तर."

घरात घड्याळं का लावली नाहीत, असं कोणी विचारेल. लावली ना! सहा लावली. पण आमच्या हिच्या पर्समध्ये एक पिवळं फडकं असतं. दिसेल त्या वस्तूवरची धूळ पुसायची, हा तिचा स्वभाव, आणि तिने पुसलेलं घड्याळ बिघडतं, हा घड्याळांचा स्वभाव. कारण मला आजतागायत सापडलेलं नाही. ती काही आपटत नाही, पाणी लावत नाही, नुसतं प्रेमाने फडकं फिरवते. की झालं, काटे रुसतात. लग्नानंतर आठवडाभरात तिने दुकानातली अकरा घड्याळं पुसली होती. तेव्हापासून तिला दुकानात पाय ठेवायची बंदी होती. चाळीस वर्षं ती उंबऱ्यावरून चहाचा कप पुढे करायची, सीमेवर करतात तसं. घरातली सहा घड्याळं तिने एका सकाळी उरकली.

आणि स्वतः? स्वतः ती कुठेही झोपते. बँकेच्या रांगेत उभ्याने झोपते. दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं ठेवून झोपलेली मी पाहिली आहे. डॉक्टर दाढ काढून हात धुऊन आले, तरी ही गाढ.

तर आमच्या डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या, "माझ्याकडच्या गोळ्या संपल्या. आता रोज सकाळी त्या जपानी बागेत तासभर बसा. काहीही करायचं नाही. महिन्याभरात झोप आली नाही, तर दवाखान्यात डोक्याला तारा लावून मशीनला जोडावं लागेल."

"मशीनला नका हो जोडू," ही घाबरून म्हणाली. "हे मशीनच खोलून बसतील."

तारा लावायच्या कल्पनेने मलाही घाम फुटला. दुसऱ्या दिवशी आम्ही बागेत हजर.

बाग मात्र अशी, की मला वाटलं झोप लागली आणि स्वप्न सुरू झालं. फाटकातून आत गेलं की रस्त्याचा आवाज कोणी मागच्या मागे दार लावल्यासारखा बंद. लाल रंगाचा कमानदार पूल, त्याच्याखाली लठ्ठ केशरी मासे, कुठे जायची घाई नसलेले. पांढऱ्या खडीवर दंताळ्याने ओढलेल्या रेघा, दगडाभोवती गोल गोल फिरत जाणाऱ्या. शेवाळ इतकं मऊ, की त्याच्यावर पडलेलं पान दुखावत नसेल. दगडी दिवे, वाकडे पाइन. आणि सगळीकडे पाट्या: शांतता राखा. ती राखायला एक पहारेकरी होता. त्याचं नाव आम्ही शिट्टीवाला ठेवलं, कारण कोणी मोठ्याने बोललं की तो शिट्टी फुंकायचा. शिट्टी अशी कर्कश, की मासे तळाला जायचे. पण शांतता राखली जायची.

पाण्याच्या कडेला एक बांबू होता. आडवा, मधोमध खिळीवर टेकलेला. वरच्या नळीतून त्यात पाण्याची धार पडायची. बांबू भरला की तोंडाकडे झुकायचा, पाणी ओतायचा आणि हलका होऊन मागे यायचा. मागचं टोक दगडावर आपटायचं. टक.

"हे कशाला हो?" हिने शिट्टीवाल्याला विचारलं.

"मूळचं हरणं पळवायला. शेतात शिरू नयेत म्हणून."

"इथे हरणं येतात?"

"एकसुद्धा आलेलं नाही," तो छाती फुगवून म्हणाला. "म्हणजे बघा, किती छान चालतंय."

आम्ही समोरच्या बाकावर बसलो. टक झालं. ही म्हणाली, "किती बरं वाटतं ना..." पुन्हा टक झालं, तिची मान कलली. तिसऱ्या टकाला ती माझ्या खांद्यावर घोरत होती. पाइनखाली एक ऑफिसवाला टाय सैल करून पडला होता, तोही गाढ. पुलापलीकडे श्वासाचे व्यायाम करणाऱ्या पाचसहा आजीबाई होत्या, त्या नावालाच जाग्या. सगळी बाग पाण्याखाली बुडाल्यासारखी संथ डुलत होती. बागेत जागे आम्ही तिघेच. मी, शिट्टीवाला आणि माझं मनगटी घड्याळ.

कारण मी मोजत होतो. अडतीस सेकंद. एक्कावन्न. चव्वेचाळीस. मग एकदम एक मिनिट नऊ सेकंद! म्हणजे काय, हा काय कारभार आहे? खिळी झिजलेली, नळीत शेवाळ, धार कधी जाड कधी बारीक. चाळीस वर्षं चुकणारी वस्तू समोर दिसली की माझे हात आपोआप टेबलाकडे गेलेले आहेत. मी आठ दिवस सहन केलं. एरवी सरळ माणूस आहे मी, पण नवव्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो.

"पिशवीत काय आहे?" हिने विचारलं.

"डबा."

टक, टक, टक. ही झोपली. मी भिंग डोळ्याला लावलं आणि बांबूपाशी बसलो. डोळ्याला भिंग असलेल्या माणसाला कोणी हटकत नाही. शिट्टीवाला आला, वाकून बघितलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मुख्य ऑफिसातून का, साहेब?"

"हं," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं, नुसता आवाज होता.

बांबू म्हणजे माझ्या लेखी हत्तीएवढं घड्याळ. त्याला थरथरता हातही चालतो. खिळी काढून घासली, तेलाचा एक थेंब सोडला. नळी साफ केली, धार कमीजास्त करायला पितळेचा एक स्क्रू बसवला. अर्धा फेरा आत, पाव फेरा बाहेर. अर्ध्या तासात बांबू साठ सेकंदांवर आला. एकोणसाठ नाही, एकसष्ट नाही, साठ! मला इतका आनंद झाला, की डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, आता झोपतो. बाकावर टेकलो, डोळे मिटले.

टक. मी घड्याळात पाहिलं. बरोबर.

टक. बरोबर.

टक. बरोबर. परीक्षेच्या पेपरावर खुणा करत बसलेल्या मास्तरासारखी माझी गत झाली. एका तासात साठ वेळा बरोबर, आणि झोप शून्य.

पण खरी गंमत पुढे झाली. बागेला वेळ कळायला लागली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसवाला तिसाव्या टकाला ताडकन उठला, टाय आवळला आणि धावत सुटला. "इतकी वर्षं मी सकाळच्या चहाच्या सुट्टीत अडीच तास झोपत होतो, मला माहीतच नव्हतं हो!" असं तो पळता पळता सांगून गेला. प्रेमात पडलेली एक जोडी पुलावर रेंगाळायची. आता मुलगी म्हणत होती, "चार टक झाले, तू अजून मुद्द्यावर आलेला नाहीस." आजीबाईंनी ठरवलं की एका टकाला श्वास घ्यायचा आणि पुढच्या टकाला सोडायचा. त्यातली सगळ्यात जिद्दी आजी जांभळी पडली, बाकीच्यांनी तिच्या पाठीत गुद्दे घातले, तेव्हा कुठे ती म्हणाली, "श्वास सोडायला अजून दहा सेकंद राहिले होते, कशाला मारता?" मासेसुद्धा टक झालं की रांगेत वर येऊन आ करायचे. आणि शिट्टीवाल्याला तर राज्यच मिळालं. "एका बाकावर वीस टक!" तो ओरडायचा. "तुमचे एकवीस झाले. उठा!" फुर्रर्र.

चौथ्या दिवशी मी बाकावर बसलो आणि खांदा हलका वाटला. वळून पाहिलं तर ही टक्क जागी. पाठ ताठ, डोळे मोठे.

"झोप ना," मी म्हणालो.

"कशी झोपणार? आता वाजणार, आता वाजणार, हेच डोक्यात." टक. "बघा, वाजलं. मेलं एकदाही चुकत नाही. आधी कसं, वाजेल तेव्हा वाजेल म्हणून सोडून देता यायचं."

"घरी झोपशील."

"कालही नाही झोपले. परवाही नाही. मी सांगितलं नाही तुम्हाला, उगाच काळजी कराल म्हणून."

 दाढ काढताना झोपलेली बाई ही! तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि ती समोरच्या दगडी दिव्याकडे पाहून ओळखीचं हसत होती. ते हसणं मला चांगलंच माहीत होतं. उद्या हीसुद्धा खांबाशी बोलणार. मग दोघांच्याही डोक्याला तारा.

"अगं," मी खाली बघत म्हणालो, "तो बांबू मी दुरुस्त केला."

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं. डब्यात जेवण नव्हतं." ती जांभई द्यायला गेली, पण ती अर्ध्यातच अडकली. "पण कशाला?"

"नीट वाजला तर झोप येईल वाटलं. दुकानात यायची तशी."

"दुकानात?" ती माझ्याकडे अशी वळली, जसं काही चाळीस वर्षं उंबऱ्यावर थांबून हेच सांगायचं राहिलं होतं. "अहो, दुकानात नीट चालणारं घड्याळ होतं कधी? नीट झालं की गिऱ्हाईक घेऊन जायचं. तुमच्याकडे राहायची ती सगळी बिघडलेली. एक पुढे, एक मागे, एक लंगडं, एक खोकणारं. जन्मभर तुम्ही बिघडलेल्यांच्यात झोपलात, आणि आता दुरुस्तीत झोप शोधताय."

 एकशे साठ घड्याळं माझ्या कानात पुन्हा चालू झाली, आणि खरंच, त्यातली दोनसुद्धा एकमेकांशी जुळत नव्हती.

मी उठलो, पिशवी उघडली. आयुष्यात पहिल्यांदा चालती वस्तू बिघडवायला बसलो. स्क्रू दोन फेरे सैल केला. बांबू बावन्न सेकंदांवर गेला. पण दर वेळी बावन्न! स्क्रू आवळला. सत्तर. दहा वेळा मोजलं, सत्तर म्हणजे सत्तर. खिळी वाकडी बसवली, तर ती इतकी छान बसली की बांबू आधीपेक्षा गोड वाजायला लागला. तेल पुसलं, दगड हलवला, नळीत पान घातलं. हातांना चूक येतच नव्हती. थरथरतसुद्धा होते ते एका चालीत.

"साहेब," मागून शिट्टीवाला म्हणाला, "लोकांची सत्तरने पंचाईत होते. साठच बरं होतं. गुणाकार सोपा."

मी हत्यारं खाली ठेवली. मागे वळून बाकाकडे पाहिलं. ही पर्स मांडीवर घेऊन बसली होती, दोन्ही हात पर्सवर. चाळीस वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं, ते म्हणालो.

"अगं, जरा इकडे येतेस? हे पुसून दे."

ती हलली नाही. "मी?"

"हो. नीट पूस. सगळीकडून."

"नंतर म्हणाल, हिने हात लावला आणि..."

"नाही म्हणणार."

ती आली. पिवळं फडकं काढलं, झटकलं, चार घड्या घातल्या. आणि बांबू पुसायला लागली, लहान मुलाचं तोंड पुसतात तसा. वरून, खालून, खिळीच्या सांध्यात, नळीच्या तोंडाशी. माझा स्क्रूसुद्धा पुसला. "किती कळकट ठेवलाय," असं पुटपुटली. मग मागे सरकून डोकं तिरकं करून पाहिलं, दगडावरचा एक डाग पुसला आणि फडकं पर्समध्ये टाकलं.

आम्ही बाकावर बसलो. बांबू भरत होता. मी मनगटी घड्याळाकडे पाहिलं, तेवढ्यात हिने त्यावरही हात ठेवला. तिचा हात उबदार होता. बांबू झुकला, थांबला, विचार बदलल्यासारखा पुन्हा वर आला. मग सावकाश झुकला.

टक.

पुढचा कधी येणार, मला माहीत नव्हतं. पुलावरची मुलगी मोजायची थांबून पाण्यात बघत होती. एक मासा वर येऊन आ करून वाट बघत राहिला आणि कंटाळून पाठीवर ऊन घेत पडला. पाइनची सावली खडीच्या रेघांवरून एक एक रेघ ओलांडत आमच्याकडे येत होती. पुढचा टक येईल तेव्हा येईल, असं मला वाटलं. आणि असं कधी वाटलं होतं, ते आठवेपर्यंत...

पुढचं ही सांगते ते असं. मी घोरायला लागलो. माझं घोरणं म्हणजे भिंतीवरच्या जुन्या घड्याळाला चावी देतात तसं. आजीबाई वळून बघायला लागल्या. शिट्टीवाला धावत आला, पाटीकडे बोट दाखवलं आणि गाल फुगवून शिट्टी तोंडाला लावली.

"अहो भाऊ, थांबा," ही हळू आवाजात म्हणाली. "केवढी धूळ बसलीये तिच्यावर. द्या बरं इकडे."

त्याने भाबडेपणाने दिली. हिने पिवळं फडकं काढलं, शिट्टी आतून बाहेरून स्वच्छ पुसली, त्याच्या हातात परत ठेवली आणि माझ्या डोक्याला डोकं टेकून झोपून गेली.

ती शिट्टी अजून वाजत नाही.