नखाला लागणारा चरा

वस्तादांचा गुण म्हणा नाहीतर खोड म्हणा, क्रँकचं ऑइल सील ते दुसऱ्या कुणाला बदलू देत नसत. चेनसॉ दुरुस्तीच्या त्या लांबट, तेलकट दुकानात कार्ब्युरेटर कुणीही उघडावा, साखळीला धार कुणीही लावावी, सील मात्र वस्तादांचं. तो त्यांचा मान. आणि मान जपायची त्यांची रीत अशी, की समोरच्याचा पार कचरा करून टाकायचा. पोटच्या पोराला त्यांनी लहानपणापासून ठोंब्या अशी हाक मारली. पोराची चाळिशी उलटली, टक्कल पडलं, दुकानाचा सगळा गाडा तोच ओढायला लागला, तरी ठोंब्या तो ठोंब्याच. गिऱ्हाइकंसुद्धा दारातून ओरडायची, "काय ठोंब्या, वस्ताद आहेत का?" आणि तो हसायचा. हसेल नाहीतर काय करेल?

सील म्हणजे दिसायला काय, क्रँकच्या दांड्याभोवती बसणारं रबराचं एक कडं. पण ते गळायला लागलं की इंजिन बाहेरची हवा ओढतं, मग ट्रिगर सोडला तरी मशीन किंचाळत राहतं आणि साखळी फिरायची थांबत नाही. म्हणून जुनं सील काढलं की वस्ताद डोळे मिटायचे आणि उजव्या अंगठ्याचं नख दांड्यावरून गोल फिरवायचे. दांड्यावर चरा असेल तर नवं सील घालून उपयोग शून्य, चऱ्यातून हवा शिरतेच. नख फिरवून झालं की "स्वच्छ!" म्हणायचे आणि मगच नवं सील बसवायचे. लोक हातातली कामं टाकून बघत राहायचे. ठोंब्यानं गळती तपासायचा व्हॅक्यूम पंप आणला, तर वस्तादांनी तो फळीवर टाकला. "ज्यांच्या नखात अक्कल नाही त्यांनी पंप वापरावा!"

आता गंमत बघा, त्या नखात काही उरलंच नव्हतं. जन्मभर थरथरणारी मशीनं धरून बोटांना आधी मुंग्या यायच्या, मग ती पांढरी पडायची, आणि आता पार बधिर. वस्तादांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. सील गेलं की वस्तादकी गेली, आणि वस्तादकी गेली की उरतो एक तुसडा म्हातारा, ज्याला स्वतःच्या घरात कुणी पाणी विचारणार नाही. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण वागलेच तसे होते.

उन्हाळ्यात एकदा गरम सायलेन्सरवर त्यांचा अंगठा टेकला तो टेकलाच. कातडं जळाल्याचा वास आला तेव्हा काउंटरवरून सून धावत आली आणि तिनं त्यांचा हात ओढून काढला.

"बाबा, तुम्हाला कळलं नाही?"

"गप! त्या ठोंब्याला यातलं अक्षर सांगायचं नाही."

"नाही सांगणार," मलम लावता लावता ती म्हणाली. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात वस्तादांनी चारचौघांत म्हटलं होतं, "ठोंब्याला ठोंबीच मिळायची." वस्ताद ते विसरले होते.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी रस्त्याकडेची झाडं तोडायची कामं घेणारा ठेकेदार मशीन घेऊन आला. "वस्ताद, ट्रिगर सोडला तरी थांबत नाही हो. हिवाळ्यात भावाचा पाय गेल्यापासून मला धडकीच भरते."

"भाऊ तुझा वेंधळा होता," वस्ताद म्हणाले. ठेकेदारानं खाली बघत मशीन पुढे केलं. बाकावर एक माळी आपल्या पाळीची वाट बघत होता, तो उगाच हसला.

ठोंब्यानं मशीन टेबलावर ठेवलं आणि स्टूल ओढून अगदी शेजारी बसला.

"तू कशाला चिकटलास?"

"शिकतो, बाबा."

"शिक, शिक. पुढच्या जन्मी उपयोगी पडेल!"

माळी खदाखदा हसला. वस्तादांना जोर चढला. पट्टी-साखळी उतरवली, प्लगच्या भोकातून दोरी कोंबून पिस्टन अडवला, उलट्या आट्यांचा क्लच एका हिसक्यात सोडवला. इथवर काम ताकदीचं, आणि ताकद होती. मग तेलाचा पंप काढला आणि मागचं सील दिसलं. आता आकडी सीलच्या कडेखाली घालायची, दांड्याला शिवू न देता. आकडी कुठे टेकली हे पूर्वी बोटं सांगायची. आता वस्तादांनी अंदाजानं घातली आणि ओढली. कर्र, असा बारीक आवाज झाला. वस्तादांनी तो ऐकला आणि न ऐकल्यासारखं केलं.

सील निघालं. दांडा पुसून त्यांनी डोळे मिटले, नख फिरवलं. काही लागलं नाही. किती दिवसांत काहीच लागलं नव्हतं.

"स्वच्छ!"

ठोंब्या पुढे वाकून दांडा बघत होता. तो मागे सरला आणि त्यानं नवं सील बापाच्या हातात दिलं.

नवं सील बसलं. तेवढ्यात ठोंब्यानं फळीवरचा व्हॅक्यूम पंप काढला. "ठेकेदारांना धडकी भरलीय ना, त्यांच्या समाधानासाठी लावून बघू." चारचौघांत नाही कसं म्हणणार? पंप लागला, काटा चढला आणि बघता बघता खाली आला, म्हणजे गळती होतीच.

"सीलच खराब," वस्ताद म्हणाले. ठोंब्यानं अगदी अदबीनं दुसरं दिलं. त्यांनी सगळं पुन्हा उपसलं, पुन्हा बसवलं. काटा पुन्हा खाली. त्यांच्या मानेवरून घाम ओघळायला लागला. "तिसरं देऊ का, बाबा?" असं विचारून ठोंब्यानंच आता सील काढलं. "का दांड्यावर चरा आहे? नख फिरवा बघू."

वस्तादांनी काउंटरकडे पाहिलं. सून डब्यातले स्क्रू निवडत होती. तिनं मान वर केली नाही. हिनंच सांगितलं, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

ठोंब्यानं बापाचा अंगठा धरला आणि नख दांड्यावर टेकवलं. "हे बघा, इथे. माझ्यासारख्या ठोंब्यालासुद्धा लागतोय. लागला?"

पोरगा म्हणतोय म्हणजे चरा असणार, वस्तादांनी विचार केला. चरा काय, कुणाच्याही हातून पडतो. पण लागत नाही म्हटलं की सगळंच संपलं.

"हो. लागला की."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय रे! केसाएवढा आहे. अगदी नखाखाली."

ठोंब्यानं मशीन ठेकेदाराकडे फिरवलं. "बघा भाऊ. बाबांचं नख आहे तिथे दांडा कसा लख्ख आहे. चरा पलीकडच्या अंगाला आहे, हा एवढा मोठा. आंधळ्यालाही दिसेल. ह्यांच्या बोटांना काही म्हणजे काही कळत नाही."

माळी फिस्सकन हसला. वस्तादांचा अंगठा अजून दांड्यावरच होता. तो उचलायचं त्यांना सुचेना. लाजेनं त्यांना वाटलं, आत्ता इथे मरण आलं तर बरं.

ठेकेदार मात्र हसला नाही. "ठोंब्या, तुला हे आज कळलं?"

"आज? छे!" जिंकल्याच्या तोऱ्यात ठोंब्याला थांबता आलं नाही. "अंगठा भाजला त्याच रात्री हिनं सांगितलं. गेल्या उन्हाळ्यातच. म्हटलं, चारचौघं जमू देत, मग दाखवतो ह्यांना."

"माझ्या भावाचा पाय हिवाळ्यात गेला," ठेकेदार म्हणाला. "मशीन आदल्याच दिवशी इथून नेलं होतं. सील बदलून."

सुनेच्या हातातला डबा कलंडला. ठोंब्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं. मग त्यानं घाईघाईनं बापाकडे बोट केलं. "सील ह्यांनी बसवलं! स्वच्छ म्हणाले होते!"

आणि वस्तादांच्या जिवात जीव आला. हो, आला. मघापासून धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं, त्या माणसानं अंगठा उचलला आणि तोच पोरावर रोखला.

"मला कळत नव्हतं, भाऊ. ह्याला माहीत होतं. मशीन तुमच्या भावाच्या हातात ह्यानंच दिलं. विचारा ना!"

"खोटारडा म्हातारा! तुम्हाला कळत नव्हतं?"

"तू बोलू नकोस, मारेकऱ्या!"

दोघांची जुंपली. एकमेकांची बोटं एकमेकांच्या तोंडावर. माळी केव्हाच बाहेर सटकला होता. ठेकेदार गुडघ्यावर बसून क्लच, पट्टी, साखळी, एकेक भाग पिशवीत भरत होता. सून मदतीला वाकली तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही लांब राहा, बाई." ती लांब राहिली.