पाणकणसाची आवणी

लोधिवलीच्या अलीकडे, आमच्या गावाच्या वरच्या अंगाला इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांचं गटार बिनदिक्कत आमच्या ओढ्यात आलं. तरी गावाची विहीर नासली नाही, कारण मध्ये पुरुषभर उंच, लव्हाळ्यासारख्या पाणकणसाची पाणथळ होती. गावाने तिला कधी किंमत दिली नाही. म्हशी बसायची जागा, एवढीच तिची ओळख.

किंमत कळली होती एकट्या सुप्रियाला. ती गावचीच पोर, मातीतल्या जिवाणूंवर शिकून आलेली. पाणकणसाचं मूळ चिखलात थोडी थोडी हवा सोडतं, त्या हवेवर मुळाला चिकटून असंख्य जीव जगतात, आणि तेच गटारातली घाण पचवतात. त्यातलं काही झाडाला खत म्हणून देतात, उरलेलं वायू करून हवेत सोडतात. झाड नुसतं घर, राबणारे ते भाडेकरू. हे ती देवळात सांगायची आणि माणसं जांभया द्यायची. जांभया देणाऱ्यांनाच मग सगळ्यात आधी तहान लागते.

पाणथळीची जमीन कुणा शहरातल्या माणसाची निघाली. त्याला तिथे भराव टाकून बंगला बांधायचा होता. पाणकणीस दुसरीकडे हलवायला सुप्रियाने हातापाया पडून एक दिवस मागून घेतला. खाली, विहिरीच्या वर, खड्डा खणून त्यात खडी टाकली आणि बायकांना सांगितलं, "मुळासकट काढा. एकही मूळ तुटायला नको."

विमलबाई तिची सख्खी काकी. भाताच्या आवणीत, रोपं उपटून पुन्हा लावण्यात, तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नाही. ती सगळी आळी घेऊन पाणथळीत उतरली. सुप्रिया खाली ओढ्याचं पाणी खड्ड्यातून न्यायला पाइप जोडत बसली होती. उन्हं कलताना डोक्यावरून भारे आले. भाताच्या रोपासारख्या नीट बांधलेल्या मुठी, आणि मुळं पांढरीफेक. चिखलाचा कण नाही.

सुप्रियाने एक मूठ उलटीपालटी करून पाहिली. "काकी, चिखल कुठंय?"

"चिखल कशाला गं? रोप धुवूनच लावत्यात ना? तुजं काम हाय म्हणून आमी दोन येळा धुतलं!"

सुप्रिया घमेलं घेऊन वर धावली. तोवर पाणथळीवर मुरूम पडला होता, वरून जेसीबी फिरत होता. मूठभर चिखलही हाती लागला नाही.

ती परत आली तेव्हा विमलबाई पात्यांनी चिरलेल्या हातांना हळद लावत होती. ते हात बघून सुप्रियाच्या तोंडून खरं निघेना. "छान केलंत, काकी. आता यांना जपा," एवढंच म्हणाली. मला विचाराल तर घात इथे झाला. मायेपोटी गिळलेला शब्द कधी पचत नाही.

पाऊस सरताना मुळांवर तांबूस, बुळबुळीत थर दिसायला लागला. पाण्याचा वासही थोडा कमी झाला. जीव परत येत होते. सुप्रिया खड्ड्याच्या काठावर बसून आनंदाने रडली आणि कामासाठी चार दिवस दापोलीला गेली.

नवरात्राआधी घरोघरी साफसफाई निघते. विमलबाईला खड्डा आठवला. पोरीने जपायला सांगितलेल्या झाडांना शेवाळ धरलं, म्हणून तिचा जीव तुटला. बायकांनी एकेक झाड उपटलं, नारळाच्या काथ्याने मुळं चोळली, खडीसुद्धा धुऊन काढली आणि सगळं होतं तसं लावून ठेवलं.

दिवाळीनंतर विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. मग पोरांना जुलाब सुटले, आणि पंचायतीने विहिरीवर पत्रा ठोकला. ठोकताना विमलबाई सुप्रियाच्या शेजारी उभी होती.

"आमचं काय कमी पडलं गं, सुप्रिया? तू सांगशील तसं तर केलं."

आता सांगून काय उपयोग होता? विहीर गेलीच होती. या हातांनीच ती नासली, हेही त्या हातांना कळायला हवं का?

"काही कमी पडलं नाही, काकी," ती म्हणाली, आणि टँकरच्या रांगेत हंडा घेऊन काकीच्या मागे उभी राहिली.