अकराची सुट्टी

कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंची जीभ म्हणजे कात्री. पण त्या कात्रीनेच त्यांनी कित्येकांच्या सिगारेटी सोडवल्या होत्या. एक थोराड फिटर तेवढा दाद देत नव्हता. चार वेळा सोडली, चार वेळा पुन्हा धरली. त्याच्या छातीचा फोटो पाहून डॉक्टरांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, आता नाही सुटली तर दोन वर्षंही कठीण.

"कधी राहवत नाही?" बाईंनी विचारलं.

"अकराच्या सुट्टीत. मागच्या शेडपाशी."

"मग अकराला इथं यायचं, माझ्यासमोर बसायचं. शेडकडे फिरकलात तर तंगडी मोडीन!"

तो येऊन बसू लागला. हातात चहा, डोळे घड्याळावर. बाई त्याला यंत्राच्या नळीत फुंकायला लावत, आणि श्वासातल्या धुराचा आकडा हळूहळू उतरत होता. सहाव्या आठवड्यात तो जवळजवळ शून्यावर आला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. फिटर ढसाढसा रडायला लागला.

"अहो, आनंदाचं असलं तरी किती रडाल?"

"आनंदाचं नाही, सिस्टर. शेडपाशी माझा धाकटा भाऊ यायचा."

मग एकेक निघत गेलं. धाकटा दुसऱ्या खात्यात. आई गेल्यावर घरावरून दोघांचं वाजलं, तेव्हापासून नऊ वर्षं अबोला. जावा एकमेकींच्या दारात पाऊल टाकत नाहीत. पण अकराला पाकीट थोरल्याचं, काडी धाकट्याची. चकार शब्द न काढता दोघं शेजारी उभे राहायचे.

"घर वाटलं, भांडी वाटली," फिटर म्हणाला. "एवढंच वाटायचं राहिलं होतं."

बाई स्वतःवरच चिडल्या. वेळ विचारली, जागा विचारली, मग सोबत कोण असतं हे विचारायला मेली जीभ का उचलली नाही? एरवी तर तोंडाला खंड नसतो.

"उठा," त्या म्हणाल्या. "सिगारेट नको. नुसते जाऊन उभे राहा."

त्या त्याच्यासोबतच गेल्या. शेडपाशी कुणी नव्हतं. गोदामवाला म्हणाला, "धाकटा ना? तीन आठवडे रोज येऊन थांबायचा बिचारा, न पेटवता. मग यायचाच बंद झाला. सोमवारी नोकरीही सोडली."

संध्याकाळी बाईंनी फिटरला जवळजवळ ओढतच भावाच्या घरी नेलं. बेलही त्यांनीच वाजवली. दार धाकट्याने उघडलं.

"हे बघा, चूक माझी आहे," बाई घाईघाईने बोलू लागल्या, "मीच यांना..."

त्याने हातानेच त्यांना थांबवलं. बघत होता तो भावाकडे.

"सोडलीस म्हणे. बरं केलंस," तो म्हणाला. "मला सांगायचं तरी होतंस."

आणि त्याने दार लावून घेतलं.

बाई पुन्हा बेल दाबणार, तोच फिटर आडवा आला. त्याच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती.

"राहू द्या, सिस्टर. बोलला ना माझ्याशी."